कडक भाकरीवरचा मासा

दिवसाकाठी दीडशे भाकरी थापून आलेल्या बाईला लेक म्हणाली, "आई, अजून तीनच थाप. पातळ आन् कडक."

पुष्पावतीनं हातातली पिशवी खुंटीला अडकवली, रांजणातलं पाणी पायावर घेतलं आणि ओट्यावर टेकली. लेकीला नाही कसं म्हणायचं, याचा विचार ती रस्त्यानं येतानाच करत होती. कारण हे मागणं काही आजचं नव्हतं, परवापासून चाललं होतं.

देवळाली प्रवऱ्याला मुलांच्या एका वसतिगृहात पुष्पावती स्वयंपाकाला होती. पहाटे साडेचारला उठायचं, तीन मैल चालायचं आणि उजाडायच्या आत काठवटीपुढं बसायचं. वरण-भाजी दुसऱ्या बायका बघायच्या, भाकरी हिच्याकडं. आठ वर्षं झाली, तिच्या वाट्याला तेवढंच. दुपारी तीनला घरी येईपर्यंत खांदे असे भरून यायचे की केस विंचरायला हात वर जात नसे. सत्त्याण्णव साल लागलंय की अठ्ठ्याण्णव, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. वसतिगृहाच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, ते ती बघायची फक्त रविवार कधी आहे त्यासाठी.

दिपाली तिची एकुलती एक. गेल्या साली राहात्याला दिली, जावई टायरच्या दुकानात कामाला. आता सातवा महिना, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. पहिलटकरणीचे डोहाळे म्हणजे काय असतं ते ज्यांच्या घरात झालं त्यांनाच माहीत. आंबट मागितलं, आंबट दिलं. चुलीची माती मागितली, तेव्हा दटावून भाजल्या शेंगा दिल्या. पण आता पोरीनं एकच धरून ठेवलं होतं. निखाऱ्यावर भाजलेला मासा, आणि तो कडक भाकरीवर. आन्ना करायचे तसला.

आन्ना म्हणजे तिचा बाप, रामहरी. आणि अडचण सगळी तिथंच होती.

हा पदार्थ काही कुठल्या हॉटेलातला नव्हे. रामहरीची आई गोजरबाई माळकरी होती, आणि घरात माळ असली की मासामटण घरात शिजत नाही. चूल वेगळी, तीही अंगणाच्या पार टोकाला, आणि घरातलं ताट, वाटी, तांब्या काही म्हणता काही तिकडं न्यायचं नाही. मग मासा खायचा कशावर? रामहरीनं मिसरूड फुटायच्या आधीच यावर तोड काढली होती. भाकरी पातळ थापून घ्यायची, निखाऱ्याच्या कडेला उभी करून पापडासारखी वाजेपर्यंत शेकायची, आणि तेच ताट. त्यावर मासा सोडवून टाकायचा, वर कांदा, टोमॅटो, कैरी, कोथिंबीर, लिंबू. जेवण झालं की ताटही पोटात. धुवायला काही उरत नाही आणि म्हातारीच्या सोवळ्याला धक्का नाही. पुढं म्हातारी गेली, पण ही रीत तशीच राहिली. सगळ्यांच्याच जिभेला चटक लागली होती.

दिपालीला त्या संध्याकाळी आठवत होत्या, पण अर्ध्याच. बाप निखाऱ्यापुढं बसून गुणगुणतोय, काटे काढून घास भरवतोय, पाठीवर घेऊन अंगणभर फिरवतोय. पोर खाऊन पिऊन तिथंच आईच्या मांडीवर झोपायची. पुढची अर्धी आईला ठाऊक. मासा आला की बन्सी यायचा आणि बन्सीबरोबर बाटली यायची. एरवी मुंगीला वाट देणारा रामहरी, बाटली रिकामी झाली की ओळखू येत नसे. एकदा त्यानं हिला ओट्यावरून ढकललं. डावं मनगट मोडलं, आणि बसवणाऱ्यानं ते वाकडंच बसवलं. लेकीला सांगितलं, धुण्याच्या दगडावरून पाय घसरला. त्याच वाकड्या मनगटावर ही बाई रोज दीडशे भाकरी थापत होती.

तीन वर्षांमागं गावात सप्ता होता. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं आणि रामहरी गर्दीतून पुढं गेला. महाराजांच्या हातून गळ्यात माळ घालून घेतली. ना कुणाला विचारलं, ना सांगितलं. त्या दिवसापासून मासा नाही, मटण नाही, अंडं नाही, आणि दारूही नाही. त्या भागात पुष्कळांनी अशीच सोडली. गळ्यात माळ घेऊन माणूस गुत्त्यावर गेला तर अख्खा गाव त्याच्या तोंडात शेण घालतो, ही भीती फार कामाची. पुष्पावतीच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट घट्ट बसली होती. मासा आला की माळ जाईल, आणि माळ गेली की दारू येईल.

तरी तिचा जीव टांगणीला लागलेलाच. रोज संध्याकाळी तो शेतातून आला की ही तांब्या घेऊन पुढं व्हायची. तो पाणी पिताना अगदी जवळ उभी राहायची आणि वास घ्यायची. त्यालाही ते कळत होतं. पाणी पिऊन झाल्यावर तो क्षणभर तसाच थांबायचा, मग आत जायचा. यावर दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत. झोपेत तो कुशीवर वळला तरी ही जागी व्हायची. तीन वर्षं असंच चाललं होतं.

"मी आन्नांना सांगू का?" दिपाली म्हणाली. "त्यांनी खाऊ नये. नुसतं भाजून तर देत्याल."

"त्यांना काय बी सांगू नको."

"का पन?"

"माळकरी मानसं मासळीला हात लावत नसत्यात."

"मग तू कर."

"मला त्यांच्यावानी जमत न्हाई."

"जमंल तसं कर. आई, मला सपनात येतंय गं."

आता सात महिन्यांची पोटुशी लेक असं बोलल्यावर कुठली आई हात झटकून मोकळी होईल? पुष्पावतीनं मनाशी ठरवलं. रामहरी उसाला पाणी द्यायला गेलाय, तो दिवस मावळल्याशिवाय येत नाही. तोवर आपणच मासा आणायचा, भाजायचा, पोरीला खाऊ घालायचा आणि राख उकिरड्यात टाकून सडा मारून मोकळं व्हायचं. त्याच्या नाकाला वासही लागू द्यायचा नाही. ती उठली. पाय नको म्हणत होते, पण पायांना कोण विचारतं.

कॅनॉलचं आवर्तन दोन दिवसांमागं बंद झालं होतं. पाणी चालू असतं तोवर मासा कुणाच्या हाताला लागत नाही. पाणी बंद झालं की पुलाच्या मोऱ्यांखाली डबकी साचतात आणि धरणातून वाहत आलेले मासे त्यात अडकून पडतात. बन्सीची झोपडी पुलाशेजारीच. हाच तो बन्सी, रामहरीचा जुना जोडीदार. तीन वर्षांत पुष्पावतीनं त्याच्या दाराकडं मान वळवून बघितलं नव्हतं.

"वैनी, तुमी?" तो गुडघाभर चिखलातून वर आला. "आज वाट चुकला जनू."

"मासा पायजे. दिपीला डोहाळे लागल्यात."

"चिलापी हाय की. आत्ता काढली, जित्ती हाय." त्यानं चार चांगले पंजाएवढे मासे निवडले आणि कल्ल्यातून घायपाताचा वाक ओवून तिच्या हातात दिले. पैशाचं नाव काढू दिलं नाही. "पोरीसाठी न्या. मग काल रामहरीला का न्हाई सांगितलं? त्याच्याकडंच दिले असते."

पुष्पावती निघता निघता थांबली. "काल?"

"काल बसला हुता की हितं घटकाभर."

कशाला बसला होता, हे विचारायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण झोपडीत कोपऱ्याला दारूचा पांढरा प्लॅस्टिकचा कॅन दिसला आणि तिनं तोंड मिटून घेतलं. काही प्रश्न विचारले की उत्तर ऐकावं लागतं. ती मासे घेऊन निघाली. काल संध्याकाळी आपण वास घेतला होता, आला नव्हता, हे ती वाटभर स्वतःला बजावत होती. की आला होता आणि आपण दमलेलो होतो म्हणून कळलं नाही? घर येईपर्यंत तिचं काही ठरेना.

आणि घरी येऊन बघते तर अंगणाच्या टोकाला धूर.

रामहरी आला होता. बाभळीची लाकडं पेटवून निखारा धरत बसला होता. सायकलच्या तारा विणून केलेली जुनी जाळी त्यानं गोठ्याच्या आढ्यातून काढून राखेनं घासून ठेवली होती. दिपाली शेजारी पाय पसरून बसलेली, मांडीवर कैऱ्या. आई मासे आणायला गेली तशी ही बया पोट सांभाळत बांधापर्यंत चालत गेली होती आणि बापाला हाक मारून घेऊन आली होती.

"तुला काय सांगितलं हुतं मी?" पुष्पावती लेकीला म्हणाली.

"तिला कशाला बोलती," रामहरी म्हणाला. "मी भाजतो. मी काय खानार न्हाई. लेकराचं मन कशाला मोडायचं."

"आन् माळ?"

"मागनं आंघूळ करीन," तो म्हणाला आणि हात पुढं करून मासे घेतले.

 लेकीसमोर तमाशा नको म्हणून ती कामाला लागली. बाहेरची जुनी काठवट आणि तवा कुठं टाकलाय ते शोधून आणलं. चैत्रात बाजरी उष्ण पडते म्हणून ज्वारीचं पीठ घेतलं आणि पुन्हा एकदा, दिवसातली एकशे एक्कावन्नावी भाकरी थापायला बसली.

एक मात्र मान्य करायला हवं, रामहरीच्या हातात कसब होतं. माशाला राख लावून त्यानं खवलं काढली, पोटं साफ केली, दोन्ही अंगांना तीन तीन चिरा दिल्या. घरातला पाटा चालत नाही म्हणून अंगणातल्या चपट्या दगडावर लसूण, हिरवी मिरची, हळद, मीठ आणि देठासकट कोथिंबीर वाटली. त्यात लिंबू पिळलं आणि ते वाटण चिरांत बोटानं भरलं. निखारा लालभडक असताना मासा ठेवत नाहीत, वर पांढरी राख धरू द्यायची, हे तो दिपालीला समजावून सांगत होता. मग जाळीवर मासे टाकले आणि कांद्याच्या पातीची जुडी तेलात बुडवून त्यांच्या अंगावरून फिरवली. चरचर आवाज झाला. दिपालीनं डोळे मिटून वास ओढून घेतला.

"आई, वास बघ गं."

"बघती," पुष्पावती म्हणाली.

तिच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं आणि त्याचाच तिला संताप आला. नवऱ्यानं माळ घातली तेव्हापासून घरात मासा बंद, म्हणजे तिलाही बंद. तिला कुणी विचारलं होतं का? दिपालीनं बांधावरचे टोमॅटो चिरले, अजून उन्हानं कोमट होते. कांदा चिरला, कैरी किसली. रामहरी मासा उलटत होता, आणि उलटता उलटता गुणगुणायला लागला. तीच जुनी चाल. तीन वर्षांत घरात ती ऐकू आली नव्हती. पुष्पावतीचा हात काठवटीत थांबला, पुन्हा चालू लागला.

निखाऱ्याची धग लागून रामहरीला घाम फुटला होता. त्यानं एका हातानं सदऱ्याचं वरचं बटण काढलं. हे बटण तो थंडीपासून लावून ठेवायचा. खोकला आहे म्हणायचा, आणि तिलाही ते खरं वाटलं होतं. त्यानं खालचंही बटण काढलं, सदरा मोकळा केला आणि मासा बघायला वाकला.

गळा रिकामा होता.

पुष्पावती बघतच राहिली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा दिपालीनं घाईनं ती उलटली. आठ वर्षांत त्या बाईच्या हातून भाकरी करपली नव्हती.

"माळ कुठं हाय?" तिनं विचारलं.

रामहरीचा हात गळ्याकडं गेला आणि तिथंच राहिला. "तुटली."

"कवा?"

"पौषात. उसाची मोळी उचलताना कशात तरी अडकली. मनी पाचटात गेले. लई धुंडाळले, निम्मे घावलेच न्हाईत."

पौष, माघ, फाल्गुन, चैत्र. तिनं बोटांवर मोजलं नाही, तरी मोजलंच. "माळ तुटली की नवी घालंस्तवर पानी बी पीत न्हाईत. तुमाला ठावं न्हवतं?"

"ठावं हुतं. दुपार कलंस्तवर तसाच ऱ्हायलो. मग भूक सोसंना, भाकर खाल्ली." तो निखाऱ्याकडं बघत बोलत होता. "खाल्ली तवा वाटलं, आता गेलं सगळं. आता सांजच्याला पाय तिकडंच वळत्याल. तर न्हाई वळले. दुसऱ्या दिशी बी न्हाई. म्हनलं, बघू किती दीस निघत्यात."

"आन् मला?"

"तुला सांगितलं असतं तर तुझी झोप उडाली असती."

पुष्पावतीला हसू आलं. ते हसू काही बरं नव्हतं, दिपाली बघतच राहिली. "झोप?" पुष्पावती म्हणाली. "तीन वर्सं मी झोपले कुठं हाय? तुमी कूस बदलली की मी उठती. तुमी मुतायला उठला की मी दाराशी. पाटंच साडेचारला पुना भाकरी. कुनाच्या झोपंचं सांगताय मला?"

रामहरीनं जाळीवरचा मासा पुन्हा उलटला.

"आन् काल बन्सीकडं कशाला गेल्ता?"

त्यानं बायकोकडं बघितलं. तिला हे कळलंय हे त्याला आत्ता कळत होतं. "बसाया जातो," तो म्हणाला. "कदीमदी. तो पितो, मी बघतो. वास येतो. आपल्याला काय हुतंय ते बघतो. काय हुत न्हाई. काल मातर लई वाटलं." त्यानं निखाऱ्यावरची राख फुंकली. "काल उठून आलो."

"उठून आले ना? मग झालं की," दिपाली मध्येच म्हणाली. तिला आईचा सूर सहन होईना. "आई, तू बी किती तानतीस. आन्ना प्यायचे तवा बी कधी मला रागानं बोलले न्हाईत. मला आठवतंय ना."

पुष्पावतीनं काठवट बाजूला सारली. इतकी वर्षं जे पोटात घातलं ते आज सात महिन्यांच्या पोटुशा लेकीपुढं काढायचं? नाही काढवलं तिला. पण रामहरीनं काढलं.

"तुझ्या आईचं मनगट दगडावर पडून न्हाई मोडलं," तो म्हणाला. "मी ढकललं हुतं तिला. ओट्यावरनं. असंच मासं खाल्लं हुतं त्या दिशी."

दिपालीच्या हातातली कैरी हातातच राहिली. तिनं बापाकडं बघितलं, मग आईच्या मनगटाकडं, ती वाकडी गाठ जशी काय आजच उगवली होती.  जाळीवर माशाचं तेल निखाऱ्यात ठिबकत होतं.

"मासा करपंल," शेवटी पुष्पावती म्हणाली, आणि रामहरीनं तीन मासे खाली काढले.

तिला राग आला होता, पण तो माळ तुटल्याचा नव्हता. माळ काय, तुटते. गेले चार महिने ती त्या मण्यांच्या आधारावर होती. रात्री त्याचा श्वास ऐकताना मनात म्हणायची, माळ आहे, माळ आहे गळ्यात, काही होणार नाही. आणि मणी पौषापासून उसाच्या पाचटात पडलेले. म्हणजे चार महिने तिनं राखण केली ती कशाची? आणि तो दारूवाचून राहिला तो कशाच्या जोरावर? माळेच्या नाही, हिच्या वास घेण्याच्याही नाही. पाळत नसती तरी तो राहिलाच असता, की पाळत होती म्हणून राहिला? हे कोण सांगणार? त्यालाही माहीत नव्हतं. हे सगळं तिच्या डोक्यात आलं, आणि ती इतकी दमून गेली की धड रागही धरता येईना.

रामहरीनं भाकरी निखाऱ्याच्या कडेला उभ्या केल्या. फिरवून फिरवून शेकल्या, बोटाची टिचकी मारून वाजवून बघितल्या. करपलेली त्यानं स्वतःच्या पुढ्यात घेतली. मग मासा सोडवला. मधला काटा एका ओढीत बाहेर आला, बारीक काटे तो नखानं काढत बसला. भाकरीवर आधी कांदा, त्यावर माशाचे गरम तुकडे, वर टोमॅटो, कैरी, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. पहिली भाकरी लेकीला.

दिपाली ती दोन्ही हातांवर घेऊन बसली. खाईना.

"खा," पुष्पावती म्हणाली. "आमचं जुनं झालं ते. बापाचं बघू नको आन् माजं बी बघू नको. पोटातल्याचं बघ."

दिपालीनं एक घास मोडला. भाकरी कडकन वाजली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती खात होती. पाणी गळता गळता तिनं अर्धी संपवली, मग नाक पुसून म्हणाली, "अजून लिंबू पिळा." बापानं पिळलं. जीव असा असतो, त्याला काय करायचं.

दुसरी भाकरी त्यानं बायकोपुढं ठेवली. पुष्पावतीनं ती घेतली. खरं सांगायचं तर या पदार्थाचा गरम घास तिला आयुष्यात मिळालाच नव्हता. तेव्हा ती वाढायची, पोरीला झोपवायची, आणि तिच्या वाटणीचा तुकडा थंडगार व्हायचा, नाहीतर बन्सीच्या पोटात जायचा. आज तिनं बसून खाल्लं. मिरची, धुराचा वास, कैरीचा आंबटपणा, दाताखाली फुटणारी भाकरी. फार चांगलं लागलं. इतकं चांगलं लागलं की तिला रडावंसं वाटलं, पण तेवढीही ताकद नव्हती. तिनं सगळी भाकरी संपवली आणि बोटं चाटली.

तिसरी, करपलेली भाकरी रामहरीच्या पुढ्यात तशीच होती. चौथा मासा जाळीच्या कडेला होता. तो कधी त्याच्याकडं बघत होता, कधी बायकोकडं.

"खाऊ का?" त्यानं विचारलं.

पुष्पावतीनं पदराला हात पुसले. "मला इचारू नका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "खावं वाटलं तर खावा. नसंल वाटत तर दिपीला द्या. नवी माळ घालायची तर घाला, बन्सीकडं जायाचं तर जावा. मी मागं येनार न्हाई. पानी घेऊन म्होरं बी येनार न्हाई. तुमी चार म्हैने माळंबिगर ऱ्हायलात, मला पत्ता बी न्हवता. मग माझं काय अडलंय तितं? आता तुमचं तुमी बघा. माज्यानं हुईना."

"पुष्पे," तो म्हणाला.

"हुईना," ती म्हणाली.

ती उठली. कडुनिंबाखाली बाज टाकलेली होती, तिच्यावर जाऊन आडवी झाली. अजून चांगला उजेड होता, उसाच्या शेंड्यांवर ऊन होतं. या वेळेला ती कधी पाठ टेकत नसे. रामहरीनं ती भाकरी खाल्ली की नाही, हे बघायला तिनं मान वळवली नाही. पाठीमागं दिपाली हळू आवाजात बापाला काहीतरी विचारत होती आणि तो थांबत थांबत सांगत होता. शब्द कळत नव्हते. विचारू दे, तिनं मनात म्हटलं, आता तिचं तिला विचारू दे.

"आई," दिपालीनं हाक मारली, "दिवेलागनीची येळ व्हत आली. अशा येळंला निजू नये."

पुष्पावतीनं पदर तोंडावर ओढला. खांद्यातला ठणका हळूहळू बाजेच्या सुंभात उतरत चालला होता. कॅनॉलच्या अंगानं कुणीतरी लांबून हाळी दिली. बन्सी असेल, नाहीतर गुरं वळणारा कुणी. अंगणातलं बोलणं थांबलं. रामहरी उठला, त्यानं चपला पायात सरकवल्या, आणि चपला चालू लागल्या. कुठल्या बाजूला चालल्या आहेत, घराच्या की कॅनॉलच्या, हे कान देऊन ऐकलं असतं तर कळलं असतं. ऐकावं असं तिला वाटलंही. पण ते कळायच्या आत पुष्पावतीला झोप लागली.